वजनाची औषधं: सगळ्यांत जास्त किलो उतरवणारं घ्यायचं, की पाच वर्षं झेपणारं?

चाफा

2026 च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माहेरी गेले होते. वाण हातात पडायच्या आधी मावसबहिणीने विचारलं, "तू मौंजारो घेतेस की वेगोवी?" मी काहीच घेत नाही म्हटल्यावर दोन्ही वहिन्या माझ्याकडे बघत राहिल्या. आत्या कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. घरी आल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतेय.

माझी परिस्थिती: वय 46, राहणार नाशिक, उंची 157 सेंटिमीटर, वजन 88 किलो. एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 6.2, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. उजवा गुडघा जिना उतरताना बोलतो. डॉक्टरांनी औषधांची नावं कागदावर लिहून दिली आणि "वाचा, विचार करा, मग ठरवू" म्हणाले. महिनाभर वाचतेय.

माझं मत आधी सांगते. आपण ही औषधं चुकीच्या तराजूत घालतोय. जो तो विचारतो, कुठल्या औषधाने किती टक्के वजन उतरतं? मला वाटतं पहिला प्रश्न हा हवा की हे औषध मी पाच वर्षं चालवू शकते का. जमणार नसेल तर ते माझ्यासाठी नाही, मग ते कितीही जोरदार असो.

ऑरलिस्टॅटपासून सुरुवात करते, कारण ते मी स्वतः घेतलंय. जेवणाबरोबर 120 मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून तीनदा. भुकेवर त्याचा काही परिणाम नाही. चरबी पचवणारं विकर ते अडवतं, त्यामुळे खाल्लेल्या चरबीतली साधारण 30 टक्के न पचताच बाहेर पडते. कागदावर ठीक वाटतं. श्रावणातल्या एका शुक्रवारी पुरणपोळीवर तूप घेतलं आणि दुपारनंतर बँकेच्या काउंटरवर बसणं मला अशक्य झालं. साडीवर पडलेला नारिंगी तेलकट डाग तीनदा धुऊनही गेला नाही. सहा महिन्यांत तीन किलो उतरले आणि मी ते सोडलं.

नवीन औषधांची गोष्ट वेगळी आहे. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक सुटतं, ते मेंदूला "पुरे" असं सांगतं आणि पोट सावकाश रिकामं करतं. सेमाग्लुटाइड (वेगोवी, ओझेम्पिक) त्याचीच नक्कल करतं. टिर्झेपटाइड (मौंजारो) त्याच्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. दोन्ही आठवड्याला एक इंजेक्शन. लिराग्लुटाइड त्याच घराण्यातलं जुनं, पण रोज टोचायचं आणि उतार जेमतेम 8 टक्क्यांच्या आसपास, म्हणून ते मी बाजूला ठेवलं. 2021 च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडने 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं. 2022 मध्ये टिर्झेपटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने 72 आठवड्यांत 20.9 टक्के. 2025 मध्ये दोघांना समोरासमोर उभं केलं तर टिर्झेपटाइड 20.2 आणि सेमाग्लुटाइड 13.7. म्हणजे कोण पुढे याबद्दल वाद नाही.

पण हिशेब करा. मौंजारो मार्च 2025 मध्ये भारतात आलं तेव्हा 5 मिलिग्रॅमची एक कुपी 4,375 रुपयांना होती. महिन्याला चार, म्हणजे 17,500. वर्षाला 2 लाख 10 हजार, पाच वर्षांचे साडेदहा लाख. आणि मध्येच सोडलं तर? टिर्झेपटाइडच्याच एका चाचणीत 36 आठवडे औषध दिलं, वजन सरासरी 20.9 टक्के उतरलं. मग काही जणांना औषध नसलेलं इंजेक्शन द्यायला लागले, तर पुढच्या वर्षभरात त्यांचं वजन 14 टक्क्यांनी परत चढलं.

सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च 2026 मध्ये संपतंय. आपल्या कंपन्या तयारीत आहेत, किंमत पडणार. मी थांबून तेच घेणार. आठ महिन्यांत सोडायला लागणाऱ्या पहिल्या नंबरच्या औषधापेक्षा वर्षानुवर्षं चालणारं दुसऱ्या नंबरचं मला बरं वाटतं. कुणाला हे चुकतंय असं वाटत असेल तर सांगा.

ओपीडी_दहा_ते_दोन

चाफाताई, तुम्ही नीट अभ्यास केलाय, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो. मी सोलापुरात मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

टक्क्यांवरून औषध निवडू नये हे बरोबर. पण मग खिशावरून का निवडायचं? निवड आजारावरून व्हावी. हृदयविकार आहे पण मधुमेह नाही, अशा 17,604 लठ्ठ लोकांवर सेमाग्लुटाइडची चाचणी झाली. हार्ट ॲटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून धोका 20 टक्क्यांनी घटला. त्यामुळे अँजिओप्लास्टी झालेला माणूस समोर बसला तर माझा हात सेमाग्लुटाइडकडे जातो. लिव्हरमध्ये चरबी साठून सूज आली असेल आणि ती कडक होत चालली असेल तरी तेच, अमेरिकेत ऑगस्ट 2025 मध्ये त्यासाठी त्याला मान्यता मिळालीय. पण माणूस रात्रभर घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर पुरावा टिर्झेपटाइडच्या बाजूने आहे.

आता तुमचं. तुमचा खरा आजार 88 किलो नाही, 6.2 आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लठ्ठ लोकांना टिर्झेपटाइड तीन वर्षांहून जास्त काळ दिलं, तेव्हा प्रत्यक्ष मधुमेह होण्याचं प्रमाण 94 टक्क्यांनी कमी झालं. तुमच्या साडेदहा लाखांच्या हिशेबात मधुमेहाचा पुढच्या वीस वर्षांचा खर्च कुठेच धरलेला नाही. शिवाय आजची किंमत पाच वर्षं तशीच राहील हे गृहीत का धरता? वेगोवी जून 2025 मध्ये आलं तेव्हा सर्वांत लहान डोस महिन्याला 17,345 होता, नोव्हेंबरात तो 10,850 वर आला.

रानवाट

मला इथे वेगळंच बोलायचंय. दोघंही औषध कुठलं यावर भांडताय, घ्यायचं की नाही यावर कुणीच बोलत नाही.

मी 2018 मध्ये 94 किलो होतो. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत सुरू केली: दिवसातून दोनदाच जेवायचं, जेवण 55 मिनिटांत संपवायचं, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. 19 किलो गेले, त्यातले तीनच परत आलेत. खर्च एका जोडी बुटांचा.

आणि वजनाच्या औषधांचा इतिहास काही मोठा अभिमानाचा नाही. फेनफ्लुरामिन 1997 मध्ये मागे घ्यावं लागलं, हृदयाच्या झडपा खराब होत होत्या. रिमोनाबँटने लोक नैराश्यात जायला लागले. सिब्युट्रामिन तर आपल्याकडे सर्रास मिळायचं, माझ्या काकूने वर्षभर घेतलं. तिची छाती धडधडायची, ती म्हणायची गोळी काम करतेय. 2010 मध्ये जगभरातून ते मागे घेतलं आणि 2011 मध्ये भारतात बंदी आली. त्या काळीही डॉक्टरच लिहून देत होते. म्हणून मला भीती वाटते, आणि ती अडाणीपणाची नाही.

सव्वासेर

रानवाट दादा, तुमचे 19 किलो गेले याचा खरंच आनंद आहे. पण मी तीच पद्धत तीनदा केली. तिन्ही वेळा मनापासून. पहिल्यांदा 11 किलो उतरले, 14 चढले.

मी ठाण्यात राहतो. जूनमध्ये 118 किलो होतो, टिर्झेपटाइड सुरू केलं, आज 99 आहे. किलोंपेक्षा मला दुसरंच सांगायचंय. स्टेशनबाहेर संध्याकाळी सात वाजता वडापावची गाडी लागते. वीस वर्षं मी त्या गाडीशी मनात बोलत घरी गेलोय. आज खायचा नाही, एकच खाऊ, उद्यापासून बंद. लोकलमध्ये उभा असताना दादरपासून ते सुरू व्हायचं. चौथ्या इंजेक्शननंतर एका संध्याकाळी मी गाडीवरून पुढे निघून गेलो आणि घराच्या दारात आल्यावर लक्षात आलं की आज तो वाद झालाच नाही. जिन्यात उभा राहून रडलो मी. इतकी वर्षं लोक मला जिभेवर ताबा नाही म्हणायचे, आणि मीही तेच मानत होतो.

त्रासही लिहितो. डोस वाढवला की दोन-तीन दिवस मळमळ. सडक्या अंड्यासारखे ढेकर. बद्धकोष्ठता तर कायमची, इसबगोल सुटत नाही. रविवारी सकाळी फ्रिजमधून कुपी काढायची, सिरिंजने अर्धा मिली ओढायचं, हवेचा बुडबुडा टिचकी मारून वर आणायचा, पोटाला टोचायचं. बायको सुरुवातीला तोंड फिरवायची, आता तीच तारीख कॅलेंडरवर लिहिते. झोपेत श्वास अडकतो म्हणून मास्क लावायचं मशीन होतं, त्याचं प्रेशर डॉक्टरांनी कमी केलंय.

चाफाताई, तुमचा पैशाचा मुद्दा खरा आहे. मी आवर्ती ठेव मोडून हे करतोय. तरीही स्वस्त होईपर्यंत थांबलो असतो तर आज 118 वरच असतो.

औषधगल्ली

सांगलीत माझं मेडिकल आहे. काउंटरच्या अलीकडून काय दिसतं ते सांगतो.

विचारायला येणाऱ्यांपैकी फार थोडे 88 किलोचे असतात. डिसेंबरात एक आई मुलीला घेऊन आली. मुलीचं लग्न फेब्रुवारीत, वजन 64, उंची चांगली. "तीन महिन्यांत दहा किलो करणारं कुठलं आहे ते द्या." चिठ्ठी नाही. मी नाही म्हटलं तर म्हणाल्या, कोपऱ्यावरचा देतो. मुलगी पूर्ण वेळ मोबाइलकडे बघत होती. ही औषधं बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 30 च्या पुढे, किंवा 27 च्या पुढे आणि सोबत मधुमेह, रक्तदाब असा आजार असेल तर आहेत. लग्नाच्या शालूत बसण्यासाठी नाहीत. मार्चनंतर किंमत पडली की ही गर्दी किती वाढेल याची मला धास्ती आहे. चाफाताई, स्वस्ताईला ही दुसरी बाजू आहे, ती धाग्यात यायला हवी.

दुसरं, साठवण. ही औषधं 2 ते 8 अंशांत राहायला हवीत. मौंजारो 30 अंशांच्या आत असेल तर 21 दिवस बाहेर चालतं, पण मे महिन्यात आमच्याकडे 30 अंश कुठे मिळतात? एका गिऱ्हाइकाने पेन फ्रीझरमध्ये ठेवला आणि गोठवला. गोठलेला वापरायचा नसतो, आठ-दहा हजार गेले.

सुई नको असेल तर रायबेल्सस ही सेमाग्लुटाइडची गोळी 2022 पासून इथे आहे. मान्यता मधुमेहासाठी, वजनावर परिणाम इंजेक्शनपेक्षा कमी. उठल्यावर अनशेपोटी, अर्ध्या कपाएवढ्याच पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास काही नाही, चहासुद्धा नाही. लोक चहाबरोबर घेतात आणि मला येऊन सांगतात की गोळी लागू पडत नाही.

निळी_छत्री

बायकांसाठी एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. मी 31 ची, पीसीओएस आहे (हॉर्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास). टिर्झेपटाइड सुरू करताना आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवता येत नाही, दुसरं साधन वापरावं लागतं. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि दिवस राहायची शक्यता वाढते ते वेगळंच. सेमाग्लुटाइड तर मूल हवं असेल त्याच्या किमान दोन महिने आधी बंद करायचं असतं. मला पुढच्या वर्षी मूल हवंय. त्यामुळे "पाच वर्षं चालवता येईल का" हा तराजू माझ्या कामाचा नाही, आणि "सगळ्यांत जोरदार कुठलं" हाही नाही.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून लिहितेय. चाफा, मी तुझ्या बाजूने.

मी सेमाग्लुटाइडवर नऊ महिन्यांत 17 किलो उतरवले. मग जानेवारीत कंपनीच्या विम्याने वजनासाठीची ही औषधं यादीतून काढली. खिशातून देणं जमण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात भूक परत आली, आणि पूर्वीपेक्षा दुप्पट वाटली. जेवून उठले की ओट्यापाशी उभं राहून डब्यातला चिवडा खायचे. वर्षात 11 किलो परत. इथे डिसेंबरात वजनासाठी सेमाग्लुटाइडची रोजची गोळी मंजूर झालीय, आता तिची किंमत बघतेय. डॉक्टरांचं शास्त्र बरोबर असेल, पण औषध एकदम तुटल्यावर काय होतं ते अंगावर काढल्याशिवाय कळत नाही.

चाफा

सगळ्यांचं वाचलं. सव्वासेर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

डॉक्टर, 94 टक्के हा आकडा मला माहीत नव्हता. पण उंबरठ्यावरच्या लोकांवर सेमाग्लुटाइडचीही चाचणी झालीय. 52 आठवड्यांत 81 टक्के लोकांची साखर पूर्ण नॉर्मलला आली, औषध नसलेल्या गटात 14 टक्के. म्हणजे 6.2 साठी टिर्झेपटाइडच हवं असं होत नाही.

आणि माझी खरी भीती अजून लिहिलीच नाही. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. आपण दिसायला बारीक, आतून चरबीचे. म्हणजे आपल्याकडे स्नायू मुळातच कमी. वीस टक्के वजन झपाट्याने उतरलं तर त्यात स्नायू किती जाणार? माझ्या आईचं मांडीचं हाड 68 व्या वर्षी मोडलं. जास्त जोरदार औषध माझ्यासाठी जास्त धोक्याचं नाही का?

ओपीडी_दहा_ते_दोन

हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. टिर्झेपटाइडच्या चाचणीत काही लोकांचं स्कॅन केलं, तेव्हा उतरलेल्या वजनातला साधारण चौथा हिस्सा चरबीव्यतिरिक्तचा होता. सेमाग्लुटाइडच्या तशाच तपासणीत तो हिस्सा याहून मोठा दिसला. चाचण्या वेगळ्या, त्यामुळे सरळ तुलना करू नका, पण जोरदार औषध म्हणजे स्नायूंचा जास्त नाश असं त्यावरून म्हणता येत नाही. खरा घोळ ताटात आहे. भूक निम्मी झाली की आपले लोक डाळ, अंडी, दही सोडतात आणि भात-आमटी दोन घास खाऊन उठतात. माझ्या पेशंटना मी सांगतो, ताटात आधी उसळ किंवा अंडं संपवा, भाकरी नंतर. आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचला. चालणं चांगलं, पण त्याने मांडी वाचत नाही.

एका बाबतीत तुमचं मान्य करतो. प्रत्येकाला वरच्या डोसपर्यंत चढवायची गरज नसते. 5 मिलिग्रॅमवरही सरासरी 15 टक्के उतार आला होता. पण थांबा असं मी तुम्हाला सांगणार नाही. मार्चपर्यंत म्हणता, मार्चमध्ये जूनपर्यंत म्हणाल. माझ्याकडे अशी माणसं येतात.

रानवाट, तुमची भीती अडाणीपणाची नाहीच. पण सिब्युट्रामिन मेंदूतल्या रसायनांवर काम करून नाडी आणि रक्तदाब वाढवायचं. हे कुटुंब वेगळं आहे. यातलं पहिलं औषध एक्सेनाटाइड 2005 मध्ये मधुमेहासाठी आलं, गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत त्याचं मूळ सापडलं होतं. म्हणजे वीस वर्षांचा अनुभव पाठीशी आहे. त्रास आहेतच: पित्ताचे खडे होतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते.

रानवाट

वीस वर्षं मधुमेहाच्या पेशंटची, डॉक्टर, आणि लहान डोसची. चाळिशीतल्या धडधाकट माणसाने मोठा डोस तीस वर्षं घेतला तर काय, हे अजून कुणी जगून पाहिलेलं नाही. सव्वासेर, तुमच्याबद्दल माझं मत मात्र बदललं. तीनदा करून वजन परत चढलं म्हणताय, तर तुम्हाला "चाला" म्हणून सांगणं अन्यायाचं होतं. पण औषधगल्लीने सांगितलेल्या त्या मुलीसारख्यांनी हे घेऊ नये, यावरून मी हटणार नाही.

औषधगल्ली

चाफाताई, कुठलंही घ्या, पण सुरू करायच्या आधी एक विचारा. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला असेल तर सेमाग्लुटाइडही नाही आणि टिर्झेपटाइडही नाही. चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांना मी विचारतो, निम्म्यांना हे कुणी विचारलेलंच नसतं.

चाफा

हे वाचून हातातलं काम सोडलं. आत्याच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं होतं, मी कॉलेजात होते तेव्हा, साधारण 1998. गाठ होती एवढंच घरात बोललं गेलं. संक्रांतीला ती कोपऱ्यात बसून आमचं सगळं ऐकत होती आणि मला एकदाही सुचलं नाही.

आत्ता आतेभावाला फोन केला. फाईल माळ्यावरच्या पेटीत आहे, रविवारी काढतो म्हणाला. शुक्रवारची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात ढकललीय.